पत आणि पंधरवडा

रेवदंड्याच्या बाजारात माझ्या लहानपणी एक किराणा दुकान होते. दुकानदाराचे नाव लिहीत नाही. त्यांची नातवंडे आजही तिथे धंदा करतात आणि उधारीच्या गोष्टी छापून आलेल्या कोणालाच आवडत नाहीत. गल्ल्याच्या मागे दोन वह्या असत. एक रोजमेळाची आणि दुसरी, लाल कापडी बांधणीची, उधारीची. उधारीच्या वहीत कोळीवाड्यातल्या घरांची पाने वेगळी, वाडीवाल्यांची वेगळी, भातशेती करणाऱ्यांची वेगळी. कोळ्यांच्या पानांवर ज्येष्ठ-आषाढात बाकी फुगत जाई आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या दर्यात गेल्या की उतरू लागे. भातवाल्यांची बाकी श्रावण-भाद्रपदात चढे आणि झोडणी होऊन भात घरात आले की खाली येई. वाडीवाल्यांचे सुपारीच्या विक्रीवर अवलंबून. आषाढात कोळ्याच्या पानावर तीनशे रुपये दिसले म्हणून दुकानदाराने कधी त्याची पत घटल्याचे मानले नाही. त्याच माणसाच्या पानावर कार्तिकात तीनशे दिसले असते, तर मात्र त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिले असते.

दिवाळीच्या पाडव्याला नवी वही पुजली जाई. जुन्या वहीतली बाकी नव्या वहीत ओढताना दुकानदार प्रत्येक पानाशी क्षणभर थांबे. माणसाची पत तो त्या वेळी ठरवत असावा, असे मला आता वाटते. आकडा तोच असला तरी तो कोणत्या दिवशी पाहिला, यावर त्याचा अर्थ ठरतो, हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

हे सारे आठवण्याचे कारण या वर्षीच्या जूनमध्ये घडले. माझा भाचा नागावला घरगुती पर्यटन निवास चालवतो. चार खोल्या, नारळाची वाडी, विहीर. पर्यटकांचा हंगाम दिवाळीपासून मे अखेरपर्यंत. पावसाळ्यात शनिवार-रविवारी दोन-चार माणसे आली तर आली. मेच्या शेवटच्या आठवड्यात छपराची शाकारणी, पत्रे, ताडपत्री, पंपाची दुरुस्ती अशी कामे तो दर वर्षी सावकाश उरकतो. 2025 मध्ये मात्र कोकणात मेच्या मध्यापासूनच पाऊस कोसळू लागला आणि 26 मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोहोचल्याचे जाहीरही झाले. सगळी खरेदी दहा दिवसांत करावी लागली. रोकड अडकलेली होती, म्हणून त्याने क्रेडिट कार्ड वापरले. कार्डाची मर्यादा 1,20,000 रुपये, खर्च 96,000. बिल आले आणि 12 जूनला, मुदतीच्या आत, त्याने सगळी रक्कम भरून टाकली. एक रुपयाही व्याज लागले नाही.

दरम्यान 10 जूनला वाडीत आणखी दोन खोल्या बांधण्यासाठी त्याने एका बँकेकडे 20 लाखांच्या कर्जाचा अर्ज केला होता. मार्चमध्ये त्याने स्वतः पाहिला तेव्हा त्याचा स्कोअर 774 होता. बँकेने पाहिला तेव्हा 731. त्या बँकेच्या दरपत्रकात 750 च्या वर एक दर होता आणि खाली पाव टक्का जास्त. वीस वर्षांच्या मुदतीत साडेआठ टक्क्यांनी महिना साधारण 17,356 रुपये हप्ता बसतो, पावणेनऊने 17,674. फरक 318 रुपयांचा दिसतो, पण 240 हप्त्यांत तो 76 हजारांवर जातो.

“मामा, मी आयुष्यात एक हप्ता चुकवलेला नाही. मग माझं सिबिल खराब कसं झालं?” त्याचा प्रश्न हा असा होता. वाणिज्य शाखेत तीस वर्षे हिशेबशास्त्र शिकवूनही मला त्याचे उत्तर लगेच देता आले नाही. पुढचे तीन-चार महिने मी ते शोधत होतो.

त्याच्या वाक्यातल्या ‘सिबिल’ या शब्दापासून सुरुवात करावी लागेल. झेरॉक्सप्रमाणे हेही एका कंपनीचे नाव. क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड ही संस्था 2000 साली मुंबईत स्थापन झाली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचे ‘सिबिल’ झाले. पुढे ट्रान्सयुनियन या अमेरिकी कंपनीकडे तिची मालकी गेली आणि नावापुढे तेही जोडले गेले. आज रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या अशा चार कंपन्या भारतात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींचे गणित वेगवेगळे, त्यामुळे एकाच माणसाचे चार आकडे येऊ शकतात. सिबिलचा आकडा 300 ते 900 यांमध्ये असतो. ज्याने कधी संस्थात्मक कर्जच घेतले नाही त्याला आकडाच मिळत नाही.

बँका, वित्तकंपन्या, गृहकर्ज संस्था आणि कार्ड देणाऱ्या कंपन्या आपापल्या ऋणकोंची माहिती या चार कंपन्यांना कळवतात. कोणते कर्ज, किती रकमेचे, आज बाकी किती, हप्त्याला किती दिवस उशीर. कंपनी ती एका अहवालात मांडते आणि तिच्यावरून स्कोअर काढते. म्हणजे स्कोअर हा अहवालाचा गोषवारा. आपण बहुतेक जण गोषवारा पाहतो आणि घाबरतो किंवा सुखावतो. अहवाल उघडून पाहत नाही. माझ्या भाच्यानेही तो उघडला नव्हता.

अहवालात काय नसते, हे आधी पाहिलेले बरे. त्यात आपला पगार नसतो. जमीन, सोने, मुदतठेव, वाडीतली नारळाची दीडशे झाडे यांपैकी काहीही नसते. मराठीत ‘ऐपत’ आणि ‘पत’ असे दोन शब्द आहेत आणि आपण ते सैलपणे वापरतो. ऐपत म्हणजे माणसाजवळ जे आहे ते. पत म्हणजे इतरांचा त्याच्यावर जो विश्वास आहे तो. स्कोअरला ऐपत दिसत नाही. पतही सगळी दिसत नाही. दिसते ती फक्त जिथून माहिती कळवली जाते तिथली. मासळीच्या दलालाकडून हंगामाआधी घेतलेली उचल आणि ती फेडल्याची वीस वर्षांची सचोटी तिथे नाही. भिशीचा प्रामाणिकपणा नाही. गावच्या पतसंस्थेचे वेळेवर फेडलेले कर्जही बहुधा नसते, कारण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे आणि माहिती कळवणाऱ्यांच्या यादीत ती सहसा येत नाही. जिच्या नावातच पत आहे तिथली पत हिशेबात धरली जात नाही, हा विनोद मला आवडतो. थळ-वरसोलीच्या कोळ्यांना मात्र तो आवडण्याचे कारण नाही. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीची नोंद नाही म्हणून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने सांगितलेले आहे. पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नका, असे राज्य सरकारही बँकांना वारंवार बजावत आले आहे. वारंवार बजवावे लागते, यातच सारे आले.

आता अहवालात काय असते ते. प्रत्येक कर्जाखाली मागच्या 36 महिन्यांची चौकटी असते आणि प्रत्येक महिन्यात तीन आकड्यांची नोंद. ‘000’ म्हणजे उशीर नाही. ‘030’ म्हणजे तीस दिवस उशीर. माझ्या भाच्याच्या अहवालात सगळीकडे शून्येच होती. एका अर्थी त्याचे म्हणणे खरे होते: हप्ता चुकवल्याचा एकही डाग नव्हता. स्कोअरमध्ये सर्वांत जास्त वजन याच रकान्याला असते, म्हणून तो सातशेच्या वर टिकला. घसरला तो शेजारच्या रकान्यामुळे. तिथे कार्डाची मर्यादा लिहिली होती 1,20,000 आणि बाकी 96,000. म्हणजे ऐंशी टक्के.

मर्यादेच्या किती हिस्सा वापरात आहे, हे प्रमाण स्कोअरचे गणित फार बारकाईने पाहते. त्यामागचा तर्क सोपा आहे. गृहकर्जाची बाकी ठरलेल्या वेळापत्रकाने कमी होत जाते. तिच्यावरून माणसाच्या आजच्या ओढाताणीचा अंदाज येत नाही. कार्डाची बाकी मात्र माणसाच्या रोजच्या निवडीतून तयार होते. ज्याला पैशाची चणचण भासू लागते त्याची कार्डे आधी भरत जातात, आणि हप्ते चुकायला लागतात ते नंतर. हजारो-लाखो खात्यांची माहिती तपासताना हा क्रम दिसतो, म्हणून भरलेल्या कार्डाला गणित धोक्याची खूण मानते. तीस टक्क्यांच्या आत राहावे, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो अंगठेबहाद्दर अंदाज आहे, कायदा नव्हे. एकतीस टक्क्यांना कडा कोसळतो असे काही नाही. कंपन्या आपले नेमके सूत्र जाहीर करत नाहीत. प्रमाण जितके कमी तितके चांगले, एवढे मात्र खात्रीने म्हणता येते.

पण भाच्याने तर सगळे पैसे भरले होते! हिशेबशास्त्राच्या मास्तराला इथे स्वतःचीच लाज वाटावी, कारण ताळेबंद हा विशिष्ट दिवसाचा असतो, हा धडा मी पहिल्याच तासाला शिकवीत असे. 1 जानेवारी 2025 पासून रिझर्व्ह बँकेने माहिती पंधरवड्याने कळवण्याचा नियम केला: महिन्याच्या 15 तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती, आणि ती पुढच्या सात दिवसांत पाठवायची. त्याआधी हे महिन्यातून एकदा होत असे. भाच्याची 31 मेची स्थिती 96,000 बाकीची होती. ती जूनच्या पहिल्या आठवड्यात चारही कंपन्यांकडे गेली. 10 जूनला बँकेने पाहिले ते हेच चित्र. 12 जूनला त्याने पैसे भरले. 15 जूनच्या स्थितीत बाकी जवळपास शून्य होती, पण ती अहवालात उमटायला तिसरा आठवडा उजाडला. अर्ज पंधरा दिवस उशिरा केला असता, तर त्याच माणसाचा, त्याच उत्पन्नाचा, त्याच सचोटीचा आकडा वेगळा आला असता.

कार्डाच्या बाबतीत अशा तीन तारखा असतात आणि आपण एकच लक्षात ठेवतो. बिल निघण्याची तारीख, बिल भरण्याची शेवटची तारीख, आणि बाकी कळवली जाण्याची तारीख. व्याज आणि दंड दुसऱ्या तारखेशी बांधलेले. हप्त्याच्या रकान्यातला उशीरही तिथूनच मोजतात. मात्र तीन दिवसांहून अधिक उशीर झाल्याशिवाय थकबाकी कळवू नये आणि विलंबशुल्क लावू नये, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा दंडक आहे. वापराचे प्रमाण ठरते ते तिसऱ्या तारखेला. ज्याला पुढच्या महिन्यात कर्ज घ्यायचे आहे त्याने दुसऱ्या तारखेची वाट न पाहता 15 तारखेच्या किंवा महिनाअखेरच्या दोन-तीन दिवस आधी कार्डाची बाकी भरून टाकली, तर वापराचे चित्र बदलते. ज्याला कर्ज घ्यायचेच नाही त्याने या चढउताराची काळजी करण्याचे कारण नाही. बाकी उतरली की हा भाग पुढच्या नोंदींत भरून निघतो. चुकलेल्या हप्त्याचा डाग मात्र 36 महिने डोळ्यांसमोर राहतो.

इथे एक सापळा आहे आणि माझ्या ओळखीतली दोन-तीन घरे त्यात अडकलेली मी पाहिली आहेत. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून एक छोटा आकडा छापलेला असतो, साधारण पाच टक्क्यांच्या आसपास. तो भरला की हप्त्याच्या रकान्यात शून्ये पडतात आणि माणूस निश्चिंत होतो. समजा बाकी 40,000 आहे आणि महिन्याला साडेतीन टक्के व्याज. व्याज 1,400, त्यावर अठरा टक्के जीएसटी 252. किमान देय 2,000 भरले तर मुद्दल उतरते अवघे 348 रुपयांनी. शिवाय बिल पूर्ण न भरल्यामुळे नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. हप्त्याचा रकाना स्वच्छ, वापराचा रकाना महिनोन्‌महिने भरलेला, आणि व्याजाचे चाक फिरत राहते. ‘मी कधीच चुकलो नाही, तरी स्कोअर का चढत नाही,’ असे विचारणाऱ्यांपैकी बरेच जण या खोलीत बसलेले असतात.

स्कोअर बदलण्याची आणखी काही कारणे आहेत. जुने कार्ड बंद केले की एकूण मर्यादा घटते: 1,00,000 आणि 50,000 अशा दोन कार्डांवर मिळून 45,000 बाकी असेल तर वापर तीस टक्के, छोटे कार्ड बंद केले की तीच बाकी पंचेचाळीस टक्के होते. बँकेने आपणहून मर्यादा कमी केली तरी तेच. कर्जासाठी लागोपाठ चार दारे ठोठावली तर प्रत्येक चौकशीची नोंद होते. आपला अहवाल आपण पाहिला तर मात्र काही बिघडत नाही. ही भीती अनेकांच्या मनात उगाच बसलेली आहे.

जामिनाबद्दल मात्र थोडे थांबून लिहिले पाहिजे. आपल्याकडे सहकारी बँकेत कर्ज म्हटले की दोन जामीनदार आले. चुलत भावासाठी, शाळेतल्या सहकाऱ्यासाठी, शेजाऱ्यासाठी सही करणे हा नात्याचा भाग मानला जातो आणि नकार देणे हा अपमान. ते कर्ज जामीनदाराच्याही अहवालात ‘जामीनदार’ अशा नोंदीने येऊ शकते, आणि मूळ ऋणको थकला की त्याची सावली इथे पडते. माझ्याबरोबर काम केलेल्या एका शिक्षकाला निवृत्तीनंतर मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज हवे होते, तेव्हा बारा वर्षांपूर्वी केलेली अशी एक सही उपटली. कोणाचे कर्ज होते ते आठवायलाच त्यांना दोन दिवस लागले.

नावांचा घोळ हा तर आमच्या किनाऱ्याचा खास आजार. पाटील, म्हात्रे, ठाकूर, भगत. एकाच गावात एकाच नावाची आणि वडिलांच्याही त्याच नावाची तीन-तीन माणसे. त्यात पूर्वीच्या मास्तरांनी शाळेत नाव घालताना सरसकट 1 जून ही जन्मतारीख लावून दिलेली. नाव, जन्मतारीख, पत्ता यांची जुळणी करणाऱ्या यंत्राने अशा वेळी काय करावे? पॅन क्रमांकामुळे गोंधळ बराच आटोक्यात येतो, पण परक्या माणसाचे थकलेले कर्ज आपल्या अहवालात बसलेले आढळते, ते बहुधा अशाच जुळणीतून.

ते आढळायला अहवाल पाहावा लागतो, आणि तो पाहण्याचा हक्क आपल्याला कसा मिळाला हा इतिहास स्कोअरपेक्षा जुना आहे. 12 मे 1875 रोजी घाटावर, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. ठिकठिकाणी पसरलेल्या त्या दंग्यांत लोकांचा रोख मुख्यतः एकाच वस्तूवर होता: कर्जखते. ती मिळाली की जाळली जात. ज्या कागदात काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला माहीत नाही, आणि ज्याच्या आधारे न्यायालय त्याची जमीन दुसऱ्याच्या नावावर करते, त्या कागदाला जाळण्यापलीकडे त्याच्याजवळ उपाय नव्हता. चौकशी आयोग बसला आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा आला. त्यातल्या तरतुदींपैकी आपल्या विषयाशी जवळच्या म्हणजे सावकाराने भरलेल्या रकमेची पावती दिली पाहिजे, आणि मागितल्यास हिशेबाचा उतारा व पासबुक दिले पाहिजे. मुंबई प्रांताच्या 1946 च्या सावकारी कायद्याने हिशेब ठेवण्याचे आणि तो ऋणकोला देण्याचे बंधन पक्के केले. 2005 च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याने तोच हक्क नव्या वहीला लागू केला. आता चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. चुकीची तक्रार तीस दिवसांत निकालात निघाली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई. कोणी आपला अहवाल पाहिला तर तसा निरोप आपल्या मोबाईलवर किंवा ईमेलवर यायला हवा. सुप्याच्या लोकांना जे कागद जाळून मिळाले नाही ते आपल्याला मागून मिळते, आणि आपण मागत नाही.

हक्क मिळाला, तरी वही कोणत्या पंचांगाने चालते हा प्रश्न राहतोच. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागांतल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. टाळेबंदीमुळे रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना दिलेली सवलत तेव्हा चालू होती. मार्च ते ऑगस्ट 2020 या काळात सवलत घेतलेल्याचा हप्ता थकला असे नोंदवायचे नव्हते. कार्डाच्या बिलालाही ती सवलत होती. पण व्याज थांबलेले नव्हते. चक्रवाढीचा फरक सरकारने नंतर परत दिला, तरी साधे व्याज बाकीत मिळत गेलेच. म्हणजे हप्त्याचा रकाना गोठवलेला आणि बाकीचा रकाना फुगत चाललेला. ज्याची पोफळ पडली त्याने नवे रोप लावले तर फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. सवलत सहा महिन्यांची होती. अशा माणसाचे 2021 मधले आकडे बेजबाबदारीचे नव्हते, त्यांत वादळ लिहिलेले होते. पण अहवालात ‘वादळ’ नावाचा रकाना नाही.

वादळ नेहमी येत नाही. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीचे 61 दिवस मात्र दर वर्षी येतात. त्या काळात बोटीची डागडुजी, जाळी विणणे, इंजिनाचे काम, मुलांच्या शाळेची फी, सगळा खर्च एकदम आणि आवक शून्य. पूर्वी हा भार किराणावाला आणि दलाल यांच्या वह्यांवर पडे. आता रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते, त्यामुळे अलिबागच्या बाजारात ज्या दुकानांत कार्डाचे यंत्र कधी आले नाही तिथेही क्यूआर कोडवर कार्डाची उधारी होते. सोय मोठीच आहे. व्याजाच्या मानाने, वेळेवर फेडणाऱ्याला ती दलालाच्या उचलीपेक्षा कितीतरी स्वस्त. पण उधारी लाल वहीतून उठून पंधरवड्याच्या वहीत गेली. आषाढातल्या बाकीचा अर्थ तिथे कार्तिकातल्या बाकीसारखाच लावला जातो.

हे गणित रचणाऱ्यांना दोष देऊन काही साधणार नाही, असे माझे मत आहे. जुन्या दुकानदाराची समज उदार होती हे खरे, पण ती ओळखीवर उभी होती. नवा माणूस, परजातीचा माणूस, एकटी बाई यांच्यासाठी त्या वहीत पान उघडायला तो किती कुरकुरत असे, तेही मी पाहिलेले आहे. पंधरवड्याच्या वहीला आडनाव पाहून कुरकुरता येत नाही. तिला फक्त ऋतू कळत नाहीत. जे तिला कळत नाही ते आपण सांभाळून घेऊ शकतो, निदान काही प्रमाणात: मोठा हंगामी खर्च दोन कार्डांवर विभागणे, महिनाअखेरच्या आत निम्मी रक्कम भरणे, मर्यादा वाढवून मिळत असेल तर घेणे आणि वापर न वाढवणे, कर्जाचा अर्ज आवकीच्या महिन्यांनंतर करणे. बिलाचे चक्र किमान एकदा बदलून घेण्याची सोय कार्ड कंपनीने द्यावी असाही नियम आहे. आमच्याकडे तो वापरलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. माझा भाचा वगळून. त्याने ऑगस्टमध्ये बदलून घेतले.

त्याचा सप्टेंबरमधला आकडा 769 आहे. बँकेचे जूनमधले मंजुरीपत्र जास्त दराचे होते म्हणून त्याने ते घेतले नव्हते, आणि नवा अर्ज दिवाळीची गर्दी ओसरल्यावर करायचा त्याचा बेत आहे. विहिरीपलीकडे दोन खोल्यांचे जोते मेमध्येच बांधून झाले होते. पावसाने त्यावर आता कमरेएवढे गवत आले आहे. परवा गेलो तेव्हा त्याने भिंतीवरचे पंचांग दाखवले. लक्ष्मीपूजनाच्या चौकटीवर नेहमीप्रमाणे हळदीकुंकवाचा ठिपका होता. 15 आणि 31 या चौकटींवर पेनने गोल होते.